उजवीकडे वाकलेला पत्रा

सीटताईला गाडी ओळखायला गाडी लागत नसे. तिच्या टेबलावर नुसता सीटचा पत्रा आणून टाकला की पुरे. पत्रा म्हणजे सीटच्या पोटातली लोखंडी पाटी. तिच्यावर फोम चिकटवायचा, फोमवर रेक्झिन ताणायचं आणि कडेने शिवण घालायची. इतरांना त्या पाटीत लोखंडाचा एक वेडावाकडा तुकडा दिसे. ताई ती उलटीपालटी करी, कडेवरून अंगठा फिरवी आणि म्हणे, "चॉपर आहे. मालक मागे रेलून बसणारा आहे." वर, "पोट सुटलेलं असणार," हेही जोडून देई. दोन्ही गोष्टी खऱ्या निघत.

गल्लीच तशी होती. जुन्या मोटरसायकली इथे येत आणि आईबापांनाही ओळखू येणार नाहीत अशा होऊन जात. कुणी गाडीची मान लांबवून घेई, कुणी शेपूट छाटून घेई, कुणाला हँडल गुडघ्याशी हवं तर कुणाला आभाळात. घाटणीगणिक नाव वेगळं, चॉपर, कॅफे रेसर, स्क्रॅम्बलर, बॉबर. नऊ गॅरेजं, एक पेंटर, एक सायलेन्सरवाला आणि नऊ गॅरेजांच्या सीटा शिवणारी एकटी ताई. तिला खरं नाव होतं, पण ते लाइटच्या बिलावरच राहिलं होतं. लग्नाचं म्हणाल तर ते आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहून गेलं, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटल्याचं कुणी पाहिलं नाही.

दुकानाच्या मधोमध एक लाकडी घोडा होता, सुतार फळी कापायला घेतात तसला, चार पायांचा. शिवून झालेली सीट ताई त्याच्यावर बसवी. दुपारी गल्ली जेवून पेंगायला लागली, हातोड्या थांबल्या, तापलेल्या रेक्झिनचा वास खोलीत भरला, की ती दार अर्धं ओढून घेई, सीटवर बसे आणि डोळे मिटी. मग रस्ता येई.

सीट चॉपरची असली तर रस्ता सरळ आणि लांबच लांब असे, दोन्ही अंगांना नुसती मोकळी जमीन. पाय पुढे पसरलेले, हात खांद्यांच्या वर, पुढचं चाक इतकं लांब गेलेलं की आपण पोचायच्या आधी तेच मुक्कामाला पोचावं. कॅफे रेसरची असली तर हनुवटी टाकीला टेकायला येई, मागच्या उंचवट्याला पाठीचा शेवट घट्ट बसे आणि रस्ता आखूड होई, वळणावळणाचा, पोटात गोळा आणणारा. स्क्रॅम्बलरची सीट सपाट, उठबस करायला सोयीची. तिच्यावर बसलं की थोड्याच वेळात रस्ता संपे, दगडगोट्यांची वाट लागे, सायलेन्सर मांडीजवळून वर गेलेला असे आणि खड्डा आला की उभं राहावं लागे. बॉबरचा रस्ता तिला सगळ्यात आवडे. मडगार्डं छाटलेली, सीट एकट्याचीच आणि जमिनीजवळची. ऊन उतरलेलं असे, घाई कशालाच नसे, आणि घर आलं तरी माणूस न थांबता उगाच आणखी एक फेरी मारून येई.

हे ती कुणाला सांगत नसे. चोपन्नाव्या वर्षी लाकडी घोड्यावर बसून फिरायला जाते म्हटल्यावर लोकांनी काय केलं असतं ते सांगायला नको. पण सीट जमली की बिघडली, हे तिला त्या रस्त्यावरूनच कळे. रस्ता मध्येच अडखळला तर ती रेक्झिन सोडवी, फोमचा एक पापुद्रा तासून काढी आणि पुन्हा बसे.

अडचण एकच होती, ती म्हणजे तिचा उजवा गुडघा. तो जेमतेम वाके आणि पुढे जोर केला तर डोळ्यांपुढे काजवे चमकवी. म्हणून घोड्याच्या उजव्या अंगाला एक स्टूल ठेवलेलं होतं. पाय लांब करून त्यावर टाकायचा आणि मनातल्या मनात तो वजा करायचा. त्यात ती इतकी तरबेज झाली होती की सीटवर बसल्यावर ताई म्हणून कुणी उरतच नसे. उरे एखादा पोट सुटलेला दुकानदार नाहीतर लांब टांगांचा फोटोग्राफर, ज्याची गाडी असेल तो. "माझी अक्कल गुडघ्यात आहे," ती म्हणे, "म्हणून तर तो वाकत नाही."

गुडघ्याची हकिगत गल्लीला ठाऊक होती, पण तिच्यासमोर कुणी काढत नसे, कारण त्या हकिगतीचा दुसरा वाटेकरी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसत होता. तिचा भाऊ. पन्नाशी आली, मिशा पांढऱ्या झाल्या, गल्लीतला सगळ्यात सफाईदार वेल्डिंगचा हात म्हणून नाव झालं, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. तीस वर्षांपूर्वी दोघं वडिलांच्या गाडीवरून निघाली होती. जाताना ताईने चालवली, येताना त्याने. एका वळणावर गाडी घसरली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, हिचा गुडघा गेला. वडिलांनी त्याच आठवड्यात गाडी विकून टाकली. त्यानंतर बहीणभाऊ कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाहीत. कामापुरतं बोलायला लागली, आणि तेच अंगवळणी पडलं.

ताईने पोटासाठी शिवणकाम धरलं तेव्हा एका सकाळी तिला मशीनचं पायडल डाव्या अंगाला सरकवलेलं दिसलं. पक्कं, गुळगुळीत, कानस मारून बोट फिरवण्याजोगं केलेलं. कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती. "चांगलं झालंय," ती त्याला म्हणाली. "हं," तो म्हणाला. एवढ्यावर दोघांनी पुढची कित्येक वर्षं काढली.

खरी गोष्ट अशी होती की त्या वळणावर ताईने डोळे मिटलेले होते. मागे बसणाऱ्याने गाडीबरोबर वाकायचं असतं. ती वाकली नाही, की उलटी वाकली, हे तिला नीट आठवतही नव्हतं, कारण ती त्या रस्त्यावर नव्हतीच, मिटल्या डोळ्यांच्या कुठल्यातरी दुसऱ्याच रस्त्यावर होती. सगळ्यांनी धाकट्याला बोल लावला. त्याने खाली मान घालून तो घेतला. आणि ताई बोलली नाही. आधी दुखत होतं म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग फारच उशीर झाला म्हणून.

आणि आता धाकटा गल्ली सोडून चालला होता. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती, तिने आईवडिलांना बोलावून घेतलं होतं. गॅरेज दुसऱ्याला देऊन झालं होतं, सोमवारी निघायचं ठरलं होतं. त्याच्याआधी सांगायला हवं, हे ताई मशीनवर बसली की स्वतःला बजावी. त्याचं गॅरेज चाळीस पावलांवर होतं. पण जी गोष्ट तीस वर्षांत चाळीस पावलं गेली नाही, ती एका आठवड्यात कशी जाणार, हेही तिला कळत होतं.

त्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी भावजय कापडी पिशवीत पत्रा घेऊन आली.

"घ्या वन्सं, तुमच्या भावाच्या हातचा शेवटचा पत्रा." एरवी ती 'ताई'च म्हणे. चेष्टेच्या लहरीत असली की 'वन्सं'.

ताईने पत्रा उलटा केला. खालच्या बाजूला धाकटा नेहमी खडूने गाडीची घाटणी आणि सीट हवी तो वार लिही. आज नुसतं 'रविवार' होतं.

"गाडी कुठल्या घाटणीची?"

"मला काय कळतंय त्यातलं? दोन चाकं आहेत, एवढं मी मोजलंय."

"गिऱ्हाईक कोण?"

"ते काही बोलत नाहीत," भावजय भिंतीकडे बघून म्हणाली आणि लगबगीने निघून गेली.

ताईने कडेवरून अंगठा फिरवला. पत्रा ठेंगणा होता, म्हणजे बॉबर. पण मागे हातभर सपाट जागा सोडलेली होती, आणि बॉबरवर दुसरा माणूस बसत नाही. सामानाला असेल, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मग अंगठा उजव्या अंगाला आला आणि थांबला. पुढच्या बाजूला, उजवीकडेच, पत्रा तीन बोटं खाली उतरला होता आणि कड आत घेतलेली होती. डावी बाजू जशीच्या तशी. ताईने पत्रा फरशीवर ठेवून पाहिला, दाराच्या उजेडात धरून पाहिला. वाकडाच होता.

धाकट्याच्या हातून वाकडा पत्रा कधी गेला नव्हता. जन्मभर ठिणग्यांकडे बघून डोळे गेले असणार आणि बिचाऱ्याने कुणाला सांगितलं नसणार, असं तिच्या मनाने घेतलं. शेवटच्या कामात त्याचं हसं व्हायला नको. तिने लाकडी हातोडा काढला, पत्रा पोत्यावर ठेवला आणि हलक्या हाताने ठोकून ठोकून उजवी बाजू डावीसारखी सरळ केली. मग बॉबरची सीट शिवली, सुरेख, काळ्या रेक्झिनची. घोड्यावर बसून पाहिलं. रस्ता काही आला नाही. मन थाऱ्यावर नाही म्हणून आला नसेल, असं म्हणून तिने सीट पाठवून दिली.

बुधवारी सीट परत आली. रेक्झिन घडी घालून वेगळं ठेवलेलं, फोम वेगळा, आणि पत्रा उजवीकडे तीन बोटं वाकलेला.

"कुत्र्याचं शेपूट आहे का हे?" ताई म्हणाली.

"मला काय विचारता?" भावजय म्हणाली. "शेपटाच्या मालकाला विचारा. चाळीस पावलांवर बसलाय."

ताईने विचारलं नाही. अभिमान म्हणा, भीती म्हणा. एकदा त्या दारात गेलं तर पत्र्याबद्दलच बोलून परत यावं लागेल, आणि मग तर उरलेलं बोलणं कायमचंच बुडालं, असं तिला वाटत होतं. तिने पुन्हा हातोडा घेतला. या खेपेला मागच्या सपाट जागेचा विचार करून स्क्रॅम्बलरची सीट शिवली. घोड्यावर बसली, डोळे मिटले. तिला आपल्या दुकानाची भिंत दिसली, कॅलेंडरसकट.

शुक्रवारी सकाळी पत्रा परत आला तेव्हा वाकवलेल्या भागाखाली आडवी लोखंडी पट्टी जोडलेली होती. आता तो हातोड्याच्या बापालाही दाद देणार नव्हता.

"ते म्हणाले, ताईचा हातोडा लपवून ठेव," भावजयीने निरोप सांगितला. "आणि वन्सं, आज शुक्रवार आहे."

दुपारी पेंटर आणि सायलेन्सरवाला एकमेकांच्या अंगावर ओरडतच दुकानात शिरले. दोघांची पैज लागली होती. हरेल त्याने मिशी उतरवायची.

"ताई, धाकट्याची गाडी स्क्रॅम्बलर आहे," पेंटर म्हणाला. "टाकीला रंग कुठला द्यायचा हे मला कळायला नको?"

"चॉपर आहे," सायलेन्सरवाला म्हणाला. "फुटरेस्ट पार पुढे टाकलंय. ह्याला डोळे आहेत का?"

"मी डाव्या अंगाने बघितलंय, नीट बघितलंय!"

"आणि मी काय झोपेत बघितलंय?"

गल्लीत घाटणीवरून वाद झाला की शेवटचा शब्द ताईचा. पण शब्द द्यायचा तर या खेपेला गाडी बघावी लागणार होती. ताई उठली, पत्रा काखेत मारला आणि निघाली. चाळीस पावलं तिने मोजली. छत्तीसच भरली. इतकी वर्षं आपण चार पावलं जास्तच धरून चाललो होतो, असं तिच्या मनात आलं.

धाकटा गॅरेजात नव्हता, वेल्डिंगच्या कांड्या आणायला गेला होता. अर्धं सामान पेट्यांत भरलेलं होतं. मधल्या मोकळ्या जागेत, वरच्या झरोक्यातून पडणाऱ्या उन्हात गाडी उभी होती. रंग नव्हता, सीट नव्हती, उघड्या लोखंडावर ऊन पडलेलं.

ताई डावीकडून गेली. पेंटर बरोबर होता, मधोमध फुटरेस्ट, उंच गेलेला सायलेन्सर, सरळ हँडल, स्क्रॅम्बलर. ती मागून फिरून उजवीकडे आली. सायलेन्सरवालाही बरोबर होता, फुटरेस्ट हातभर पुढे, पाय लांब करून बसायची सोय, चॉपर. ती पुन्हा डावीकडे गेली, पुन्हा उजवीकडे आली. दोन गाड्या उभ्या चिरून अर्धी अर्धी जोडल्यासारखी ती दिसत होती. उजव्या पायाशी ब्रेकच नव्हता, तो वर हाताशी नेलेला होता. किक काढून टाकून बटण बसवलेलं होतं. आणि स्टँड, जगात कुठल्याही गाडीला डावीकडे असतो तो, उजवीकडे होता. गाडी उजव्या अंगावर कलून विसावली होती.

"कोणाची मिशी?" पेंटरने विचारलं.

"दोघंही अर्धी अर्धी उतरवा," ताई म्हणाली. "आणि जरा बाहेर थांबा."

ते गेल्यावर तिने पत्रा चेसिसवर ठेवला. खटकन बसला. वर एक पोतं चौघडी करून टाकलं. बसून पाहिल्याशिवाय तिला कधी काही कळलं नव्हतं. गाडी उजवीकडे कलली होती म्हणून ती उजव्या बाजूने गेली, दुखरा पाय जमिनीवर घट्ट रोवून डावा पाय पलीकडे टाकला. सहज गेला. बसली. सवयीने तिचा उजवा पाय स्टूल शोधत लांब झाला.

स्टूल नव्हतं. पाय फुटरेस्टवर टेकला.

ती तशीच बसून राहिली. मांडीखाली जिथे पत्रा टोचायला हवा होता तिथे तो तीन बोटं खाली उतरला होता. गुडघा जितका वाकत होता तितकाच वाकला होता, त्याच्याकडे कुणी एक रेघभरही जास्त मागत नव्हतं. वजा करायला काहीच नव्हतं. नऊ गॅरेजांच्या गिऱ्हाइकांची अंगं तिला पाठ होती, आणि हे अंग तिला ओळखू आलं नव्हतं. दोनदा हातोडा घालून तिने ते सरळ केलं होतं.

तिने डोळे मिटले. रस्ता लगेच आला, ऊन कलतीला लागलेलं, दोन्हीकडे उंच गवत, पुढे वळण. तेच वळण. तिने घाबरून डोळे उघडले तर दारात धाकटा उभा होता, हातात कांड्यांचा पुडा घेऊन.

"दुखतंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"नीट बघ. मांडीला कड लागत असेल तर अजून घासतो."

"नाही दुखत म्हटलं ना."

तो आत आला. पुडा कुठे ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

"मी दोनदा सरळ केला रे," ताई म्हणाली. "मला वाटलं तुझे डोळे गेले."

"मला वाटलं तुझी अक्कल खरंच गुडघ्यात गेली."

"सांगितलं असतंस तर?"

"म्हटलं, पत्रा सांगेल. सगळ्यांचे सांगतात तुला."

ताई हसली, पण हसू पुरं होईना. आता नाही तर कधीच नाही, हे तिला स्वच्छ कळलं.

"त्या दिवशी..."

"राहू दे ताई."

"नाही राहू देत. त्या वळणावर मी डोळे मिटले होते. वाकायचं तेव्हा वाकले नाही. तुझी चूक नव्हती ती. सगळे तुला बोलत होते आणि मी ऐकत पडले होते."

धाकट्याने पुडा एका पेटीवर ठेवला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"डोळे मिटले होतेस ते. आरशात दिसत होतीस तू. डोळे मिटून हसत होतीस. मी म्हटलं, एवढी कशाने खूश झालीय ही? म्हणून आरशातच बघत राहिलो. वळण आलेलं मला दिसलंच नाही, ताई."

ताईला रडू कोसळलं. तीस वर्षांचं होतं, ते काही एका पदराला आवरणारं नव्हतं. धाकटा जवळ येऊन उभा राहिला आणि काय करावं ते न कळून गाडीचा एक नट उगाच पिळत बसला. त्याच्याही नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि तो ठिणग्यांनी झालेला नव्हता.

तेवढ्यात आतून भावजय आली. तिने दोघांकडे पाहिलं, गाडीवर बसलेल्या नणंदेकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"कळलं का एकदाचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाच दिवस पत्रा घेऊन गल्लीत येरझारा घालतेय मी. मला तर वाटलं, रविवारी मलाच बसवताय की काय ह्याच्यावर."

मग ताईला रडता रडता हसू फुटलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

"मागे ही जागा कशाला?" डोळे पुसून तिने विचारलं. "सामानाला?"

"सामानालाच," धाकटा म्हणाला. "सत्तर किलो आहे. मिशा आहेत त्याला."

"आणि आरसा कुठाय?"

हँडलवर आरशासाठी भोकं पाडलेली होती, पण आरसा बसवलेला नव्हता.

"लाव," ताई म्हणाली. "एकच लाव. उजवीकडे."

शनिवारभर ताईने सीट शिवली. कामाची रीत तीच, पण या खेपेला तिला पहिल्यापासून शिकल्यासारखं वाटत होतं. कच्च्या फोमवर बसायचं, उठायचं, जिथे दबला तिथे खडूची खूण करायची, पुन्हा बसायचं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची वजनं घेऊन बसली होती, स्वतःचं किती आहे हेच तिला माहीत नव्हतं. उजवीकडे फोम पातळ केला, डावीकडे भरला, मागच्या जागेवर मात्र दुप्पट घातला, कारण सत्तर किलोंनाही हाडं असतात. शिवण ठेवली ती सगळ्यात साधी. संध्याकाळी सीट घोड्यावर चढवायला म्हणून तिने उचलली, घोड्याकडे पाहिलं आणि तशीच काखेत घेऊन चाळीस, म्हणजे छत्तीस पावलं चालत गेली.

रविवारी सकाळी गल्ली बंद होती, तरी सगळे आले होते. पेंटर आणि सायलेन्सरवाला दोघांच्याही मिशा शाबूत होत्या. दोघांनी आपसात मिटवून टाकलं होतं. गल्लीच्या मागे मोठं मोकळं मैदान होतं, त्याच्या कडेने एक कच्चा रस्ता वळून पलीकडच्या झाडांपर्यंत जाई. गाडी तिथे आणून उभी केलेली, बिनरंगाची, उजव्या अंगावर कलून.

"ताई, रंग कुठला देऊ ते तरी सांगा," पेंटर म्हणाला. "घाटणीचं नाव काय लिहू?"

"आधी चालू तर दे," ताई म्हणाली.

ती उजवीकडून चढली. धाकटा समोर उभा राहून क्लच, गिअर, हाताचा ब्रेक सांगत होता. ते सगळं तिच्या हातांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. आधी तिने एकटीने मैदानाच्या चार फेऱ्या मारल्या. पहिलीत गाडी दोनदा बंद पडली. चौथीत भावजयीने टाळ्या वाजवल्या. मग ताई धाकट्यासमोर येऊन थांबली, डावा पाय खाली टेकवला आणि मागच्या जागेवर थाप मारली.

तो तीस वर्षं कुणाच्या मागे बसला नव्हता. चढताना अवघडला, आपले हात कुठे धरावेत ते त्याला समजेना.

"खांद्याला धर," ताई म्हणाली. "आणि मी वाकेन तेव्हा वाक."

"हं," तो म्हणाला.

गाडी मैदान सोडून कच्च्या रस्त्याला लागली. कोवळ्या उन्हात गवत एका अंगाला झुकत होतं, वारा तोंडावर येत होता आणि बूड, मांडी, गुडघा, सगळं आपापल्या जागी होतं. दुकानातल्या घोड्यावरून पाहिलेल्या रस्त्यांपैकी हा एकही नव्हता. ह्याच्यात दगड होते, धूळ होती, मध्येच एक कुत्रं आडवं गेलं. समोर वळण दिसायला लागलं. खांद्यावरचे हात सैलावल्यासारखे वाटले म्हणून ताईने आरशात बघितलं.

धाकट्याने डोळे मिटले होते. मिशांतल्या मिशांत हसत होता.

ताईला फार वेळ बघत राहावंसं वाटलं. पण तिने नजर काढून रस्त्यावर आणली, वेग कमी केला आणि गाडी वळणात घातली.